डुकराकडून काय शिकता येते आणि काय नाही

नवागाम, दिंडोली, लिंबायत, उधना हा सुरतेचा पट्टा धुळे, नंदुरबार, जळगावकडून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनी भरलेला. घरात अहिराणी, कामावर हिंदी आणि गुजराती. इथे कुणाच्या छातीत कळ आली आणि तपासणीत ब्लॉकेज निघाले, की घरचे तीन प्रश्न विचारतात: खर्च किती, कार्ड चालेल का, आणि स्टेंट टिकेल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे काउंटरवर मिळतात. तिसऱ्याचे उत्तर शोधायला सुरुवात होते ती डुकराच्या हृदयापासून.

प्रत्यारोपण आणि ऊतींचे रोपण या क्षेत्रांत डुकराचे नाव गेल्या काही वर्षांत बातम्यांमुळे घराघरांत पोहोचले. ‘डुकराचे हृदय माणसाला बसवले’ असा मथळा आला की निम्मे लोक थक्क होतात आणि निम्मे नाक मुरडतात. या गदारोळात तीन वेगवेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते. डुक्कर संशोधनात मॉडेल म्हणून येते, म्हणजे माणसावर करण्याआधी एखादी शस्त्रक्रिया, उपकरण किंवा औषध त्याच्यावर करून पाहिले जाते. ते कच्चा माल म्हणूनही येते: झडप, त्वचा, कोलॅजन. आणि अलीकडे ते जिवंत अवयवाचा दाता म्हणून येऊ लागले आहे. या तिन्ही ठिकाणी डुकरावर ठेवता येणारा भरवसा सारखा नाही, म्हणून तिन्हींचा हिशेब वेगळा मांडला पाहिजे.

कुत्र्याकडून डुकराकडे

भारतातल्या प्रत्यारोपणाची सुरुवात मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तिथल्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे कुत्र्यांवर सराव केला आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये, ख्रिश्चन बर्नार्ड यांच्या केपटाउनमधील शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांच्या आत, भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. त्या काळी जगभर शस्त्रक्रियेच्या प्रयोगशाळांत कुत्राच असे. तो सहज मिळे, भूल सोसे, हाताळायला सोपा. पण कुत्र्याच्या हृदयवाहिन्यांना आपसांत जोडणाऱ्या आडवाटा भरपूर असतात. एक वाहिनी बंद केली तरी रक्त दुसरीकडून पोहोचते आणि माणसासारखा झटका येतच नाही.

डुकराच्या हृदयात अशा आडवाटा फार कमी असतात. वाहिनी तुंबली की तेवढा भाग मरतो, अगदी माणसासारखा. त्याच्या हृदयाचा आकार, शरीराच्या वजनाशी असलेले प्रमाण आणि वाहिन्यांची मांडणी आपल्या जवळची आहे. मूत्रपिंडाची आतली रचना, त्वचा आणि आहार यांतही साम्य आहे, कारण डुक्कर आपल्यासारखेच सर्वभक्षी. शिवाय वर्षाला दोन वेळा वीत, प्रत्येक वेळी आठ-दहा पिले. एकाच विणीतल्या भावंडांवर तुलना करता येते. माकड माणसाच्या अधिक जवळचे खरे, पण ते महाग आणि आकाराने लहान, त्याच्याकडून माणसाला होणाऱ्या आजारांची भीती मोठी, आणि त्याच्यावरच्या प्रयोगांना नैतिक आक्षेपही तीव्र.

अडचणीही आहेत. शेतावरचे लार्ज व्हाइट यॉर्कशायर सहा महिन्यांत शंभर किलोच्या घरात जाते. वर्षभराच्या प्रयोगात ते टेबलावर मावेनासे होते आणि त्याचे वाढते हृदय मोजमापात घोळ घालते. म्हणून जर्मनीत १९६० च्या दशकात गॉटिंगेन नावाची छोटी जात तयार केली गेली. ती पूर्ण वाढली तरी साधारण ४० किलोंची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत (एनआयएच) डेव्हिड सॅक्स यांनी १९७० च्या दशकात ऊतींचा गट जुळलेल्या लहान डुकरांचे कळप वाढवले. कोणत्या डुकराचा अवयव कोणत्या डुकराला किती परका वाटेल हे आधीच ठाऊक असल्याने प्रतिकारशक्तीचा अभ्यास काटेकोर झाला.

भूल देणाऱ्याला डुकराचा त्रास वेगळाच. सुई टोचायला शीर सापडते ती बहुतेक वेळा कानावर. तोंड लांब आणि घसा अरुंद, त्यामुळे श्वासनळीत नळी घालणे अवघड. काही जातींत विशिष्ट भुलीने ताप भडकून प्राणी दगावतो. त्याचे हृदय हात लागताच अनियमित थरथरू लागते. डुकरावर काम करणारा चमू पशुवैद्यकाशिवाय उभा राहू शकत नाही.

सुरतेचा स्टेंट

हिऱ्याच्या लेझर यंत्रांच्या धंद्यातले उद्योजक पुढे धातूच्या नळीतून स्टेंट कापायला लागले, ही खास सुरती गोष्ट. सहजानंद मेडिकल टेक्नॉलॉजीज ही त्यातून उभी राहिलेली कंपनी. तिकडे वापीत मेरिलने छाती न उघडता बसवायची ‘मायव्हॅल’ झडप बनवली. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली तेव्हा देशी कंपन्यांचे नाव सामान्य घरांत पोहोचले.

जगात कुठेही नवा स्टेंट माणसात जाण्याआधी डुकराच्या हृदयवाहिनीतून जातो. पद्धत साधारण ठरलेली आहे. वाहिनीच्या व्यासापेक्षा किंचित मोठा स्टेंट मुद्दाम फुगवून बसवतात, म्हणजे भिंतीला थोडी इजा होते. २८ दिवसांनी वाहिनी काढून तिचे पातळ काप करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतल्या बाजूला किती जाड पापुद्रा वाढला ते मोजतात. इजा जितकी खोल तितका पापुद्रा जाड, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रॉबर्ट श्वार्ट्झ यांनी १९९० च्या सुमारास दाखवले आणि हे मॉडेल रूढ झाले. डुकराचे २८ दिवस म्हणजे माणसाचे साधारण सहा महिने, असा अंदाज धरतात.

मर्यादाही इथेच आहे. प्रयोगातले डुक्कर कोवळे, निरोगी; त्याच्या वाहिनीत ना चरबी, ना चुन्याची गाठ, ना तंबाखूची वीस वर्षे. त्याची जखम झपाट्याने भरते. पहिल्या पिढीच्या औषधी स्टेंटमध्ये वर्षा-दोन वर्षांनी अचानक गुठळी होण्याचा धोका २००६ च्या सुमारास जगभर चर्चेत आला. डुकरांवरच्या चाचण्यांत त्याचा पुरेसा अंदाज आला नव्हता. बसवताना काय बिघडेल आणि पहिल्या काही महिन्यांत काय होईल, हे डुक्कर नीट सांगते. साठीच्या मधुमेही माणसात पाच वर्षांनी काय होईल, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

पाठीवरची जखम

त्वचेच्या बाबतीत मात्र डुकराला तोड नाही. उंदराची कातडी सैल असते आणि तिच्याखाली स्नायूचा एक पातळ थर असतो. जखम झाली की तो थर आकसतो आणि दोन्ही कडा ओढून जवळ आणतो. त्यामुळे उंदरावर कुठलेही मलम गुणकारी वाटू शकते. माणसाची कातडी खालच्या चरबीला घट्ट चिकटलेली. तिची जखम कडेकडून नव्या पेशी सरकत येऊन भरते. डुकराचेही तसेच. केस विरळ, वरचा थर जाड, खाली चरबी. फरक घामाच्या ग्रंथींत आणि रक्तवाहिन्यांच्या दाटीत. २००१ मध्ये झालेल्या एका तुलनेत डुकरावरील निष्कर्ष माणसाशी ७८ टक्के जुळले. लहान प्राण्यांचे निम्म्याच्या आसपास.

संशोधक डुकराच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना ठरावीक मापाच्या जखमा रांगेत करतात, कोपऱ्यांवर गोंदून खूण करतात, म्हणजे आकसणे मोजता येते. एका जखमेवर स्वतःची त्वचा, दुसरीवर नवे कृत्रिम आवरण, तिसरीवर नुसती पट्टी. प्राणी एकच असल्याने तुलना चोख होते. मग त्याला कापडी जॅकेट घालावे लागते, कारण डुक्कर भिंतीला पाठ घासून सगळी मेहनत पुसून टाकते.

याचा माणसाला उपयोग काय? भाजलेल्या रुग्णाच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग गेला असेल तर झाकायला स्वतःची त्वचा उरत नाही. तात्पुरते आवरण लागते, नाहीतर पाणी झिरपते आणि जंतू शिरतात. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या प्रयत्नांतून २००० साली त्वचापेढी सुरू झाली. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरने पुढे हे काम वाढवले. टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून गर्भजल-आवरण आणि हाडे किरणांनी निर्जंतुक करून पुरवते. मृत दात्याची त्वचा मिळत नाही तिथे परदेशात डुकराची प्रक्रिया केलेली त्वचा १९६० च्या दशकापासून वापरली जाते. ती काही दिवस राहते, मग निघते. तेवढ्या दिवसांत रुग्ण सावरतो.

औषध आणि यंत्र

प्रत्यारोपणाच्या इतिहासात डुकराचे सर्वांत मोठे योगदान मथळ्यांत येत नाही. केंब्रिजचे रॉय काल्न यांनी १९६९ मध्ये दाखवले की एका डुकराचे यकृत दुसऱ्याला बसवले तर पुष्कळदा ते औषधाशिवायही टिकते. यकृत हा प्रतिकारशक्तीशी जुळवून घेणारा अवयव आहे, ही समज तिथून वाढली. १९७८ मध्ये त्याच चमूने सायक्लोस्पोरिन हे औषध डुकरांच्या हृदय प्रत्यारोपणात वापरले आणि हृदये आधीपेक्षा कितीतरी अधिक काळ चालली. त्या औषधाने पुढे जगाचे चित्र पालटले.

भारताचा हिशेब या औषधाशिवाय समजत नाही. केईएमनंतर पहिले यशस्वी हृदय प्रत्यारोपण दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी ३ ऑगस्ट १९९४ रोजी केले. मधल्या २६ वर्षांत आपल्याकडे कुशल हातांची कमतरता नव्हती. कमतरता दोन गोष्टींची होती: अवयव नाकारला जाऊ नये यासाठी औषध, आणि मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा. औषध डुकरांनी तपासून दिले. कायदा आपल्या संसदेने त्याच वर्षी केला. मुंबईला तर २०१५ च्या ऑगस्टपर्यंत वाट पाहावी लागली. पुण्याहून आलेले हृदय मुलुंडच्या फोर्टिसमध्ये डॉ. अन्वय मुळे यांनी बसवले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरतेहून मुलुंडला पहिले हृदय गेले. नीलेश मांडलेवाला यांच्या ‘डोनेट लाइफ’ संस्थेने ही वाट सुरू केली. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरतेतल्या अवघ्या १४ महिन्यांच्या बाळाचे हृदय नवी मुंबईतल्या साडेतीन वर्षांच्या मुलीला मिळाले. बर्फात ठेवलेले हृदय साधारण चार तासांत बसवावे लागते, म्हणून रस्ते मोकळे करून विमानतळ गाठायची धावपळ. ही मुदत वाढवण्याचे काम पुन्हा डुकरांवरच झाले. स्वीडनमधील लुंड येथे स्टिग स्टीन यांनी डुकराचे हृदय खास द्रावाने थंड आणि वाहते ठेवून २४ तासांनी यशस्वीपणे बसवले. यकृत कोमट रक्तावर जिवंत ठेवणारे ऑक्सफर्डचे यंत्रही डुकरांच्या यकृतांवर घडले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माणसांवरील चाचणीत त्यामुळे फेकून द्याव्या लागणाऱ्या यकृतांचे प्रमाण निम्म्यावर आले.

कच्चा माल

कच्चा माल म्हणून डुक्कर आपल्या शरीरात केव्हाच शिरले आहे. मानवी इन्सुलिन यायच्या आधी मधुमेही डुकराचे इन्सुलिन टोचत; माणसाच्या इन्सुलिनपेक्षा त्यात एकाच अमिनो आम्लाचा फरक. रक्त पातळ ठेवणारे हेपारिन आजही डुकराच्या आतड्यातून काढले जाते. पॅरिसमध्ये अॅलन कार्पेंतिए यांनी डुकराच्या झडपेवर ग्लुटाराल्डिहाइडची प्रक्रिया केली आणि ती माणसात वर्षानुवर्षे टिकू लागली. प्रक्रियेने पेशी मरतात, उरतो तो सांगाडा. म्हणून शरीर भडकत नाही. हर्नियाच्या जाळ्या, आतड्याच्या अस्तरापासूनची आवरणे याच तत्त्वावर चालतात.

भारताशी थेट जोडलेले उदाहरण डोळ्याचे आहे. डुकराच्या कातडीतल्या कोलॅजनपासून स्वीडनमध्ये बनवलेले पारपटलाचे रोपण दिल्लीच्या एम्समध्ये आणि इराणमध्ये मिळून २० रुग्णांवर केले गेले. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतले १४ जण आधी अंध गणले गेले होते. दोन वर्षांनी त्यांतला एकही अंध राहिला नव्हता, आणि भारतातल्या तिघांची नजर पूर्ण सुधारली. संख्या लहान आहे, पण नेत्रदानाची रांग पाहता हे काम कुठल्याही मथळ्यापेक्षा मोलाचे.

जिवंत दाता

जिवंत अवयवाची गोष्ट वेगळी. डुकराच्या पेशींवर ‘अल्फा-गॅल’ नावाची साखर असते. माणसाच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये आधीच तयार असतात, त्यामुळे साध्या डुकराचा अवयव मिनिटा-तासांत काळा पडतो. डुकरातून डुकरात केलेले प्रयोग ही अडचण दाखवूच शकत नाहीत, म्हणून इथे बबून माकडे लागली. ती साखर बनवणारे जनुक काढलेली डुकरे २००२ च्या सुमारास जन्मली. जनुकसंपादन सोपे झाल्यावर वेग आला. २०१८ मध्ये म्युनिकच्या चमूने डुकराच्या हृदयावर बबून १९५ दिवसांपर्यंत जगवले. त्यांनी वापरली ती स्टीन यांचीच जतनपद्धत.

७ जानेवारी २०२२ रोजी मेरीलँड विद्यापीठात बार्टली ग्रिफिथ आणि मोहम्मद मोहिउद्दीन यांनी दहा जनुके बदललेल्या डुकराचे हृदय ५७ वर्षांच्या रुग्णाला बसवले. तो दोन महिने जगला. नंतर त्या हृदयात डुकराचा एक विषाणू सापडला, जो आधीच्या तपासण्यांतून निसटला होता. पुढच्या वर्षीचा दुसरा रुग्ण सहा आठवडे जगला. मूत्रपिंडाची वाट जरा बरी निघाली. न्यूयॉर्कमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये बसवलेले मूत्रपिंड १३० दिवस चालले. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात जानेवारी २०२५ मध्ये बसवलेले, ६९ जनुकीय बदलांचे मूत्रपिंड २७१ दिवस. मूत्रपिंड बंद पडले तर डायलिसिस आहे. हृदयाला तसा आधार नाही, म्हणून पहिल्या मोठ्या चाचण्या मूत्रपिंडाच्याच सुरू झाल्या. माकडांत हीच मूत्रपिंडे दोन वर्षांपर्यंत चालली होती, हे लक्षात घेतले तर मॉडेल आणि माणूस यांतले अंतर दिसते.

सोनापूरचा धडा

भारतात हा प्रयोग १९९७ मध्येच झाला होता. आसाममधल्या सोनापूर येथे डॉ. धनीराम बरुआ यांनी हाँगकाँगच्या एका शल्यविशारदासह ३२ वर्षांच्या रुग्णाला डुकराचे हृदय बसवले. रुग्ण सात दिवस जगला. दोन्ही डॉक्टरांना मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली अटक झाली. २५ वर्षांनी मेरीलँडची बातमी आली तेव्हा बरुआ काळाच्या पुढे होते, अशी हळहळ अनेकांनी व्यक्त केली. मला ती पटत नाही. १९९७ मध्ये अल्फा-गॅल काढलेले डुक्कर जगात कुठेच नव्हते. परवानगी नव्हती, बाहेरच्या कुणी तपासावे अशी नोंद नव्हती. धाडस होते, त्यामागचे विज्ञान आणि त्याभोवतीचा कायदा दोन्ही गैरहजर होते.

आज विज्ञान पुढे सरकले आहे, कायदा नाही. आपला १९९४ चा कायदा, त्याची २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम मानवी अवयवांसाठी आहेत. प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची केंद्रीय समिती करते. डुकरासारख्या मोठ्या प्राण्यावरचा प्रयोग संस्थेच्या नैतिक समितीपुरता थांबत नाही, केंद्रीय समितीची मंजुरी लागते. प्रयोगानंतर प्राण्याच्या देखभालीची जबाबदारीही संशोधकावर असते. ही बंधने योग्यच आहेत. डुक्कर हुशार, कळपात राहणारा प्राणी आहे. एकट्याने कोंडले तर त्याचा ताण प्रयोगाच्या आकड्यांतही उतरतो. मार्च २०२३ मध्ये केंद्राने औषध चाचणीचे नियम बदलून प्राण्याऐवजी इतर पद्धतींनाही वाट करून दिली. त्वचेच्या जळजळीच्या साध्या चाचण्या आता प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतींवर होऊ शकतात आणि तिथे डुक्कर वापरायचे कारण उरत नाही.

मग करायचे काय?

आढाव्यातून निघणारा निष्कर्ष असा. शस्त्रक्रियेचे तंत्र, उपकरणाची सुरक्षितता, जखम भरणे आणि अवयवाचे जतन यांसाठी डुक्कर उत्तम शिक्षक आहे. सांगाडा म्हणून त्याच्या ऊतींनी स्वतःला सिद्ध केले आहे. वर्षानुवर्षांचा आजार आणि माणसाची प्रतिकारशक्ती यांबाबत त्याचे उत्तर अर्धवट असते. जिवंत अवयवाचा दाता म्हणून ते अजून परीक्षेलाच बसले आहे.

सुरत-वापी पट्ट्यात उपकरणे बनतात, मुंबई-पुण्यात शल्यविशारद आहेत, परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यक महाविद्यालय आहे. कमी आहे ती विषाणूमुक्त, वंशावळ ठाऊक असलेल्या लहान डुकरांच्या कळपांची. २०२० पासून आफ्रिकन स्वाइन फिव्हरने ईशान्येतले कळप कापून काढले, आणि मेरीलँडचा विषाणू तर सगळ्यांनाच शहाणे करून गेला. गोव्याच्या ‘अगोंदा गोवन’सारख्या नोंदलेल्या देशी जाती यॉर्कशायरपेक्षा लहान असतात, त्यांचा या दृष्टीने अभ्यास व्हायला हवा. आणि परजातीय अवयवांसाठी वेगळा कायदा पहिला रुग्ण टेबलावर येण्याआधी व्हायला हवा, सोनापूरसारखा नंतर अटक करून नव्हे.

डुकराचे मूत्रपिंड सुरतेच्या सरकारी रुग्णालयात कधी मिळेल, याची वाट पाहत कुणी डायलिसिसवर बसू नये. २०२३ मध्ये देशात १८ हजारांवर प्रत्यारोपणे झाली, पण मेंदूमृत दाते जेमतेम अकराशे होते. नमुना ७ चा अर्ज भरून अवयवदानाची इच्छा नोंदवता येते; तरीही ऐन वेळी विचारले जाते ते घरच्यांना. म्हणून अर्ज भरा आणि त्याच दिवशी घरी सांगा.